माल्टाचा वेढा : विमानसैनिक आणि नाविकांनी राखलेले बेट

दुसऱ्या महायुद्धात जून १९४० ते नोव्हेंबर १९४२ या काळात इटली आणि जर्मनी यांनी भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटाची जी हवाई व सागरी कोंडी केली, ती ‘माल्टाचा वेढा’ या नावाने ओळखली जाते. शत्रूचे सैन्य या बेटावर कधीच उतरले नाही. वेढा आकाशातून आणि समुद्रातून होता. तो फोडण्याचे कामही प्रामुख्याने विमानसैनिक आणि नाविक यांनाच करावे लागले. या लढ्याचा निकाल किती विमाने पाडली यावर जितका ठरला, तितकाच किती पीठ, किती तेल आणि किती दारूगोळा बंदरात उतरला यावरही ठरला.

बेटाचे स्थान

माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटे मिळून माल्टाचे क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौरस किलोमीटर भरते. गोव्याच्या (३,७०२ चौरस किलोमीटर) एक दशांशापेक्षाही ते कमी आहे. युद्धकाळात तेथे सुमारे पावणेतीन लाख लोक राहत होते. उत्तरेला सिसिली जेमतेम शंभर किलोमीटरवर. उलट ब्रिटिशांचे जिब्राल्टर पश्चिमेला आणि अलेक्झांड्रिया पूर्वेला, दोन्ही हजार किलोमीटरहून कितीतरी दूर. सिसिलीतील तळांवरून निघालेले बॉम्बफेकी विमान काही मिनिटांत बेटावर पोहोचत असे, तर मदतीच्या जहाजाला कित्येक दिवस शत्रूच्या माऱ्यातून यावे लागे.

तरीही ब्रिटनला हे बेट सोडवत नव्हते. इटलीहून लिबियाकडे सैन्य व रसद नेणारा सागरी मार्ग माल्टाच्या टप्प्यात होता. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या इटालियन आणि पुढे जनरल रोमेल यांच्या जर्मन सैन्याचा प्रत्येक लिटर पेट्रोल याच पाण्यातून जात होता.

तीन विमानांची आख्यायिका

इटलीने १० जून १९४० रोजी युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी माल्टावर पहिले बॉम्ब पडले. सेंट एल्मो किल्ल्यावर रॉयल माल्टा आर्टिलरीचे सहा सैनिक मृत्युमुखी पडले. बेटावर त्या वेळी एकही आधुनिक लढाऊ विमान नव्हते. नौदलाने पेट्यांत बंद करून ठेवलेली काही ‘सी ग्लॅडिएटर’ ही जुन्या धाटणीची, दुहेरी पंखांची विमाने जोडून वापरात आणली गेली. ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’ या तीनच विमानांनी इटालियन हवाई दल रोखून धरले, अशी कथा पुढे जगभर पसरली. मराठी बायबलातील विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी या नावांमागे आहे. प्रत्यक्षात विमाने तीनाहून अधिक होती आणि ती नावेही नंतर रूढ झाली. तथापि मोजक्याच वैमानिकांनी ती पहिली झुंज दिली, हे मात्र खरे. ‘फेथ’चा सांगाडा आजही सेंट एल्मो येथील राष्ट्रीय युद्धसंग्रहालयात जपलेला आहे.

पुढे ‘हरिकेन’ विमाने आली, तीही समुद्रमार्गेच. विमानवाहू नौका त्यांना पश्चिमेकडून काही अंतरापर्यंत आणी आणि तेथून ती उडून बेटावर पोहोचत. नोव्हेंबर १९४० मध्ये अशाच एका मोहिमेत नौकेने विमाने फार दुरून सोडली. बारापैकी आठ हरिकेन इंधन संपून समुद्रात पडली. माल्टाला जाणाऱ्या वैमानिकाच्या वाट्याला शत्रू दिसण्याआधीच मृत्यू येऊ शकत होता.

समुद्राखालून, अंधारातून

माल्टा केवळ मार सोसत नव्हते. मॅनोएल बेटावरील जुन्या लाझारेटोमध्ये, म्हणजे एकेकाळच्या विलगीकरण रुग्णालयात, ब्रिटिश नौदलाच्या दहाव्या पाणबुडी ताफ्याचा तळ होता. त्यातील ‘अपहोल्डर’ या पाणबुडीचे कप्तान माल्कम वॉन्क्लिन यांना सैनिक वाहून नेणारे ‘कोंते रोसो’ हे जहाज बुडवल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४२ मध्ये पंचविसाव्या गस्तीवर असताना ‘अपहोल्डर’ सर्व खलाशांसह नाहीशी झाली. मोठ्या पाणबुड्यांनी आणखी एक काम केले : टाक्यांमध्ये पेट्रोल आणि पोटात औषधे व दारूगोळा भरून त्या बेटावर येत.

नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘फोर्स के’ या लहानशा नौदल पथकाने रात्रीच्या अंधारात इटालियन काफिल्यातील सातही मालवाहू जहाजे बुडवली. परंतु पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबर रोजी, हेच पथक त्रिपोलीजवळ सुरुंगक्षेत्रात सापडले. ‘नेपच्यून’ या क्रुझरवरील साडेसातशेहून अधिक माणसांपैकी केवळ एक जण वाचला.

१९४२ : सर्वांत कठीण महिने

डिसेंबर १९४१ पासून जर्मन हवाई दलाने सिसिलीत नव्याने मोठे बळ जमवले. फील्ड मार्शल केसेलरिंग यांच्या नेतृत्वाखाली माल्टा निकामी करण्याची मोहीम सुरू झाली. मार्च-एप्रिल १९४२ या दोन महिन्यांत बेटावर सहा हजार टनांहून अधिक बॉम्ब पडले. व्हॅलेटाचे रॉयल ऑपेरा हाऊस जमीनदोस्त झाले. ९ एप्रिल रोजी मोस्टा येथील चर्चचा घुमट भेदून एक बॉम्ब आत प्रार्थना करणाऱ्या शेकडो भाविकांमध्ये पडला; तो फुटला नाही. १५ एप्रिल रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी संपूर्ण बेटाला ‘जॉर्ज क्रॉस’ हा नागरी शौर्याचा सर्वोच्च सन्मान जाहीर केला. त्याच महिन्याच्या अखेरीस पाणबुड्यांना तळ सोडावा लागला.

मार्चमधील एका काफिल्याची कहाणी या काळाची अडचण स्पष्ट करते. चारपैकी एक जहाज बेटाच्या जवळ बुडाले, दुसरे निकामी झाले. दोन जहाजे बंदरात सुखरूप आली. पण माल उतरवण्याची तयारी अपुरी होती आणि काही दिवसांतच बॉम्बहल्ल्यात तीही गेली. चार जहाजांवरील सुमारे २६ हजार टन मालापैकी अवघा पाच हजार टनांच्या आसपास हाती लागला. नाविकांनी प्राण देऊन आणलेले सामान धक्क्याशीच बुडाले.

विमानांचेही तेच झाले. २० एप्रिल रोजी अमेरिकन विमानवाहू नौका ‘वॉस्प’ हिने ४६ ‘स्पिटफायर’ बेटावर पोहोचवली. त्यांपैकी बहुतेक काही दिवसांतच निकामी झाली, कित्येक तर जमिनीवरच.

या अनुभवातून धडा घेतला गेला. ९ मे रोजी ‘वॉस्प’ आणि ‘ईगल’ यांच्यावरून सुमारे ६० स्पिटफायर उतरली, तेव्हा प्रत्येक विमानासाठी मातीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यांचे व दगडांचे आडोसे तयार होते. इंधन, दारूगोळा आणि बेटाची माहिती असलेला वैमानिक प्रत्येक ठिकाणी थांबलेला होता. काही विमाने दहा मिनिटांच्या आत पुन्हा आकाशात गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘वेल्शमन’ ही वेगवान नौका दारूगोळा घेऊन आली. धुराच्या पडद्याआड तिचा माल काही तासांत उतरवला गेला आणि त्या दिवशीच्या हवाई युद्धात जर्मनांना मोठी किंमत मोजावी लागली.

या वैमानिकांत ब्रिटिशांबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया येथील तरुण आणि अमेरिकन स्वयंसेवकही होते. व्हॅलेटाच्या पोटातील लास्कारिस भुयारांत शत्रूच्या विमानांचा मार्ग नकाशावर मांडण्याचे काम करणाऱ्यांत स्थानिक तरुणींचाही समावेश होता.

ऑपरेशन पेडेस्टल

जूनमध्ये जिब्राल्टर आणि अलेक्झांड्रिया अशा दोन्ही दिशांनी निघालेल्या १७ मालवाहू जहाजांपैकी केवळ दोन पोहोचली. बेटावर सामुदायिक ‘व्हिक्टरी किचन’मधून मोजून अन्न मिळत होते. साठा कोणत्या आठवड्यापर्यंत पुरेल, म्हणजेच शरणागती केव्हा पत्करावी लागेल, याचा हिशेब अधिकाऱ्यांना मांडावा लागत होता.

ऑगस्टमध्ये १४ जहाजांचा काफिला मोठ्या नौदल संरक्षणात निघाला. ११ तारखेला जर्मन पाणबुडीने ‘ईगल’ ही विमानवाहू नौका बुडवली. पुढील दोन दिवस विमाने, पाणबुड्या आणि टॉर्पेडो बोटी यांनी काफिल्यावर सतत हल्ले केले. नऊ मालवाहू जहाजे गेली आणि चारशेहून अधिक माणसांचा मृत्यू झाला. पाच जहाजे पोहोचली : ‘पोर्ट चाल्मर्स’, ‘रोचेस्टर कॅसल’, ‘मेलबर्न स्टार’, ‘ब्रिस्बेन स्टार’ आणि शेवटी ‘ओहायो’.

दहा हजार टनांहून अधिक तेल घेऊन निघालेल्या ‘ओहायो’ला टॉर्पेडो लागला होता, बॉम्बने तिची यंत्रे बंद पडली होती आणि पाडलेल्या एका जर्मन विमानाचे अवशेष तिच्या डेकवर पडले होते. खलाशी तिला दोनदा सोडून गेले आणि परत चढले. अखेर विनाशिकांनी दोन्ही बाजूंनी दोरखंडांनी बांधून तिला १५ ऑगस्टच्या सकाळी बंदरात आणले. तो माल्टाच्या कॅथलिक जनतेचा सांता मारिया सणाचा दिवस होता. आजही तेथे हा काफिला ‘सांता मारियाचा काफिला’ म्हणूनच स्मरला जातो. कप्तान डडली मेसन यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. तेल उपसून होताच ‘ओहायो’ बंदराच्या तळाला टेकली.

वाळवंटातील परिणाम

एप्रिल-मे १९४२ मध्ये माल्टा जखडलेले असताना रोमेल यांची रसद फारशी हानी न होता लिबियात पोहोचत होती. २१ जून रोजी तोब्रुक पडले. त्याला रणांगणावरील चुकांसह इतर कारणेही होती. पण भरलेली कोठारे हे त्यांतील एक. तोब्रुकमध्ये युद्धकैदी झालेल्यांत अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. ज्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे, तिच्या जवानांच्या नशिबाचा धागा अशा रीतीने त्या दूरच्या बेटाशी जोडलेला होता.

ऑगस्टनंतर चित्र पालटले. माल्टावरील विमाने आणि परतलेल्या पाणबुड्या यांनी इंधनवाहू जहाजांवर हल्ले वाढवले. एल अलामीनच्या निर्णायक लढाईत रोमेल यांच्या रणगाड्यांना पेट्रोलची चणचण भासत होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये पूर्वेकडून आलेला काफिला बंदरात पोहोचला आणि वेढा संपला. जुलै १९४३ मधील सिसिलीच्या स्वारीसाठी हेच बेट आघाडीचा तळ ठरले.

स्मृती

वेढ्याच्या काळात माल्टावर तीन हजारांहून अधिक वेळा धोक्याचे भोंगे वाजले आणि सुमारे दीड हजार नागरिक मृत्युमुखी पडले. फ्लोरियाना येथे सोनेरी गरुड मिरवणारा स्तंभ आहे. माल्टा आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात वीरगती पावलेल्या, पण ज्यांची कबर कोठेही नाही अशा सुमारे २,३०० विमानसैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. व्हॅलेटाच्या तटावर १९९२ मध्ये उभारलेली ‘सीज बेल’ ही घंटा वेढ्यातील सुमारे सात हजार मृतांच्या स्मरणार्थ आहे. १९६४ मध्ये माल्टा स्वतंत्र झाले. ब्रिटिश राजाने दिलेला जॉर्ज क्रॉस मात्र त्यांनी आपल्या राष्ट्रध्वजावर कायम ठेवला.