गुराब, पडाव आणि कृष्णेवरची नाव

ज्या नगरीच्या कोणत्याही बुरुजावर चढले तरी समुद्र दृष्टीस पडत नाही, तिने एका आरमारी सत्तेची राजधानी म्हणून मिरवावे, हा साताऱ्याच्या इतिहासातील एक विलक्षण योग होय. 1708 मध्ये शाहू महाराजांस राज्याभिषेक झाला. पुढे 1713-14 च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांच्याशी तह करून त्यांस सातारच्या गादीकडे वळविले आणि सरखेलीचा, म्हणजे आरमारप्रमुखाचा, मान त्यांच्याकडे कायम राहिला. तेव्हापासून सह्याद्रीखालचा तो अफाट दर्या घाट चढून हुजुरात येऊ लागला तो पत्रांच्या, यादींच्या आणि हिशेबांच्या रूपाने. खारा वारा कधी अंगावर न घेतलेले कारकून गुराबांची आणि गलबतांची नावे बोरूने लिहीत असतील. त्यांचा समुद्र कागदावरचाच होता. संगणकाच्या पडद्यावरील आभासी समुद्राला हसण्याचा अधिकार निदान सातारकरांना तरी नाही, असे मला वाटते ते याचमुळे.

हा नवा समुद्र कसा आहे, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने 2003 मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचे जे आभासी जग खुले केले, त्यात रहिवाशांनी स्वतःच घरे, बागा आणि होड्या घडविल्या, आणि काही हौशी मंडळींनी शिडांना वाऱ्याचा हिशेब कळेल अशी गणिती व्यवस्था त्या होड्यांत बसविली. मला नवल वाटते ते त्यांच्या निवडीचे. प्रख्यात युद्धनौका किंवा शर्यतींच्या चपळ नौका सोडून कित्येकजण चार माणसांच्या कुटुंबाने सुटीत रमतगमत फिरावे अशी साधी, बेताच्या चालीची शिडाची होडी बांधतात. आत बाके, चूल, चहाची किटली, सारे काही मांडतात. जिच्यावर कोणी पोवाडा रचणार नाही अशा वस्तूविषयी हा जिव्हाळा आमच्या इतिहासलेखनात क्वचितच आढळतो.

आंग्र्यांची जहाजे आपणांस बरीच माहीत आहेत, आणि त्याचे श्रेय पुष्कळ अंशी शत्रूकडे जाते. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंतची, आणि गलबत फार तर 70 टनांचे असे. ज्याच्या तोफांचे भय वाटते त्याची मापे माणूस कसोशीने टिपतो. 1756 मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तरी त्याचे वर्णन उरले. परंतु मिठाच्या पडावाचे, त्या साध्या मालवाहू होडीचे, भय कोणास वाटावे? त्याची दखल घेतली ती जकातदाराने, आणि त्यास जहाजापेक्षा मालाशी कर्तव्य होते. किती खंडी मीठ उतरले, हे त्याला पाहिजे होते. शिडाची तिरकी काठी डोलकाठीस कशी बांधली होती, याचा हासिलाशी काडीचाही संबंध नव्हता.

वास्तविक सातारा आणि सांगली या मुलखांचे नित्याचे जीवन गुराबेपेक्षा पडावावरच अधिक अवलंबून होते. दाभोळच्या मुखातून शिरून, भरतीच्या पाण्यावर वाशिष्ठी नदी चढत, हे पडाव आणि मचवे चिपळूणजवळ गोवळकोटच्या बंदरास लागत. तेथून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून तांडे कुंभार्ली घाटाने कऱ्हाडच्या पेठेत येत, आणि परतताना देशावरचा गूळ, हळद, मिरची खाली नेत. पावसाळ्यात समुद्र बंद आणि लादलेल्या बैलांस घाटही दुस्तर. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर पडाव पाण्यात लोटले जात, आणि पुढे वाटा कोरड्या झाल्या की तांडे हलत. कृष्णाकाठच्या ज्या गृहिणीने समुद्र स्वप्नातही पाहिला नव्हता, तिच्या आमटीची चव अशा रीतीने कोणा खलाशाने शीड वेळेवर फिरविले की नाही यावर ठरे. पुढे आगबोटी आल्या, 1880 च्या दशकात मिरजेवरून आगगाडी धावू लागली, आणि हा व्यवहार हळूहळू ओसरला. पडाव जळाले नाहीत की बुडविले गेले नाहीत. किनाऱ्यावर कुजले, आणि लाकूड बहुधा सरपणास गेले.

कृष्णेवरच्या नावेची कथा निराळी. तिला शीड नव्हते. बांबूने रेटायची किंवा वल्ह्यांनी चालवायची, सपाट बुडाची, फळ्यांच्या सांधी बुजवून डांबर फासलेली ही नाव. अंबी आणि कोळी नावाड्यांची विद्या वेगापेक्षा ओझ्याची होती. बैल कोठे उभा करायचा, गाडीची चाके कशी अडवायची, पाणी काठापासून किती खाली राहिले म्हणजे पुढच्या उतारूस हात जोडून 'आता नाही' म्हणायचे, हे नजरेनेच ठरे. महापूर आला आणि नाव नसली, तर गूळ कढविण्याची भली थोरली काहील पाण्यात लोटून तीत माणसे बसवीत. ती स्वतःभोवती गरगर फिरत जाई, आणि दोन्ही बाजूंच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी तिला धरून पैलतीर गाठावा लागे. 1929 मध्ये सांगलीस आयर्विन पूल झाला आणि त्या घाटावरील तरीचे महत्त्व संपले. नाव मात्र संपली नाही. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान अशा गावांच्या ईर्ष्येने होड्यांच्या शर्यती चालू राहिल्या. उतारू उतरले, पण वल्हेकरी बसूनच राहिले, असे म्हणता येईल. उपयोग सरलेली वस्तू खेळाच्या आश्रयाने जगते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. फक्त शर्यतीसाठी ती लांबट आणि हलकी झाली, आणि ओझ्याची जुनी विद्या तीत राहिली नाही.

ती विद्या किती महागाची होती, हे ऑगस्ट 2019 च्या पुरात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली होडी उलटली तेव्हा सर्वांस कळले. आभासी होडीत नेमके हेच उणे असते: तिच्यात कितीही माणसे चढविली तरी करणाऱ्याने सांगितल्यावाचून ती खचत नाही. म्हणून गोवळकोटचा पडाव किंवा कृष्णेची नाव कोणा तरुणाने पडद्यावर उभी करावयाची ठरविली, तर चित्र हुबेहूब साधण्यापूर्वी त्याने भाराचे गणित मांडावे. कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत ज्या चिकाटीने जुनी दप्तरे प्रकाशात आणली, ती चिकाटी त्याला सुताराच्या कामठ्यावर आणि नावाड्याच्या ओसरीवर दाखवावी लागेल. फळीची जाडी, बुडाची रुंदी, भरल्या नावेचा काठ पाण्याबाहेर किती बोटे राहतो, हे प्रश्न ज्यांना विचारावयाचे ती माणसे आता वृद्ध आहेत, आणि सांगलीवाडीस जाणारी एस.टी. दिवसातून पुष्कळदा सुटते.