एक तालुका, दोन रेशनकार्डं

मुधोळ म्हटलं की बहुतेक मराठी वाचकांना घोरपड्यांचं संस्थान आणि तिथले शिकारी कुत्रे आठवतात. ते मुधोळ कर्नाटकातलं. हे दुसरं मुधोळ बासरच्या सरस्वतीच्या देवळाजवळचं, निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. १९५६ साली ते आदिलाबाद जिल्ह्यात गेलं आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडतं. कचेरीची भाषा उर्दूची तेलुगू झाली, पण कितीतरी घरांत बोलणं मराठीतच चालू राहिलं. इथल्या घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याला न्यायचं कुठे आणि पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं उत्तर गेली कित्येक वर्षं त्याच १९५६ सालात अडकलेलं आहे.

राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात मुधोळच्या बदलीसाठी जेमतेम एक ओळ खर्ची पडली. नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेशात गेली. तालुक्याचा उरलेला भाग नांदेडकडे राहिला. त्याच कायद्याने आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले. भाषेच्या हिशेबाने आखलेली ही रेघ लग्नांच्या हिशेबाने आखणं कुणालाच शक्य नव्हतं. मुधोळची लेक धर्माबादला, उमरीची बहीण भैंशाला, अशा सोयरिकी आधीही होत होत्या, नंतरही होत राहिल्या.

नकाशा उघडला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. राज्याच्या सीमा पुष्कळदा नदीवर ठरतात, इथे उलट आहे. मुधोळहून बासर, धर्माबाद, मुदखेड करत नांदेड गाठायचं तर गोदावरी ओलांडावी लागत नाही. ओलांडावी लागते ती निजामाबादकडे आणि पुढे हैदराबादकडे जाताना. म्हणजे आपल्याच राज्याची राजधानी नदीपलीकडे आणि परक्या राज्यातलं जिल्ह्याचं गाव अलीकडे.

मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा ही अडचण नव्हती. नांदेडकडे आणि हैदराबादकडे जाणारी गाडी बासरलाच मिळायची आणि दोन्हीकडचा मुलूख एकाच निजामाचा होता. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादेत मुसी नदीच्या काठी उभं राहिलेलं उस्मानिया रुग्णालय. पुढे १९८८ साली नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि या भागाला जवळचा मोठा दवाखाना मिळाला. पण पैशाची सोय घरचीच होती. आधी सोनं, मग जमिनीचा तुकडा, मग सावकार. आणि सत्तरीच्या माणसासाठी जमीन काढायची वेळ आली की तेच माणूस म्हणायचं, मला घरीच राहू द्या. हा नकार त्याच्या मनातला किती आणि सातबाऱ्याकडे पाहून दिलेला किती, याचा हिशेब कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

चित्र पालटलं ते २००७ साली. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने १ एप्रिलला तीन जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री योजना सुरू केली आणि वर्षा-सव्वा वर्षात ती राज्यभर नेली. पांढरं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये आणि गरज पडली तर वरचे पन्नास हजार, तेही खासगी दवाखान्यात, आगाऊ पैसे न भरता. दवाखान्याच्या दारातच मदतीला आरोग्यमित्र बसू लागला. सीमेच्या अलीकडे मोठी ऑपरेशनं अशी फुकट होऊ लागली, तेव्हा पलीकडच्या सोयऱ्यांना आधार होता तो १९९७ सालच्या जीवनदायी योजनेचा आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा. या केंद्राच्या योजनेत वर्षाला तीस हजार मिळायचे आणि कार्डावर माणसं पाचच. नवरा, बायको आणि तीन मुलं धरली की पाच पुरे. आजी-आजोबांसाठी जागाच उरत नव्हती, आणि घरात दवाखान्याची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच असते.

महाराष्ट्राने आंध्रचा कित्ता गिरवला. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत नांदेड होतं. रक्कम तीच दीड लाख, दारात बसणारा माणूसही आरोग्यमित्रच. पुढे २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू लागली. योजना जुळ्या, पण कार्डं सावत्र. इकडे पांढरं, तिकडे पिवळं नाहीतर केशरी. धर्माबादला लेकीकडे राहायला गेलेली मुधोळची आई तिथे आजारी पडली की नांदेडच्या खिडकीवर तिचं पांढरं कार्ड कामाचं नव्हतं.

म्हणून सीमेवरच्या घरांत म्हातारपणाची तयारी म्हणजे आईचं नाव कोणत्या कार्डावर ठेवायचं, याची चर्चा. त्यात पेन्शनही येते. मुधोळचा भाग नव्या तेलंगणा राज्यात गेल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये आसरा पेन्शन हजार रुपयांनी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या श्रावणबाळ योजनेचे सहाशे मिळत. २०१९ मध्ये आसरा २,०१६ वर गेली आणि श्रावणबाळ हजारावर आली. त्याच सुमारास धर्माबादकडच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. भाषेवरून आखलेली रेघ गावकरी पेन्शन आणि दवाखान्यावरून मोजू लागले होते, आणि त्यांना दोष देण्याजोगं त्यात काही नाही.

रकमा पुढेही वाढत गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाने आरोग्यश्रीची मर्यादा दहा लाखांवर नेली, महाराष्ट्राने त्याच वर्षी पाच लाखांचा निर्णय घेतला. पण या योजनांचा पैसा मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी, ऑपरेशनसाठी. बीपीची गोळी, शुगरची तपासणी, गुडघ्याचं दुखणं, दर महिन्याची औषधं, पेशंटपाशी थांबणाऱ्याचं जेवण आणि त्याची बुडालेली मजुरी हा खर्च घरचाच राहिला. दवाखान्याला निघालेल्या घराची कापडी पिशवी पाहिली की तो दिसतो. वर भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली, खाली एक्स-रेचं मोठं पाकीट, गोळ्यांच्या अर्धवट कापलेल्या पट्ट्या, आणि प्लास्टिकच्या आवरणात सगळ्यांत जपून ठेवलेलं कार्ड.

आता त्या पिशवीत आणखी एका कार्डाची भर पडू पाहते आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी खुली केली, उत्पन्न कितीही असो. पाच लाखांचं संरक्षण, तेही राज्याची वेस ओलांडून चालावं अशी रचना. नोंदणी आधारवर होते. शेतात राबून बोटांच्या रेषा पुसल्या असतील आणि ठसा उमटला नाही, तर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते. मग नातू मोबाइल समोर धरतो आणि आजीला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो.