पाण्यावरचा पहारा

१/ एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी लातुरात पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ही गाडी सर्वांच्या स्मरणात आहे. त्याआधी मार्चमध्ये जलकुंभ आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लागू झाले होते, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. पाणी हा विषय पोलिसांच्या अखत्यारीत कसा जातो? पुणे परिसराच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

२/ नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळांतून शहरातील हौदांत आले. त्यानंतर शतकभराने इंग्रजांनी मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पूर्वेकडील दुष्काळी मुलखाला कालव्याचे पाणी देणे हा एक हेतू. पुणे शहराबरोबर पुणे आणि खडकीच्या छावण्यांची गरज भागवणे हा दुसरा. लष्कराची निकड पाण्याच्या हिशोबात तेव्हापासूनच धरलेली होती.

३/ १९२१. मुळशीत टाटा कंपनीचे धरण होणार होते. वीज मुंबईला जाणार आणि पन्नासहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या पुढाकाराने मावळे सत्याग्रहाला बसले. सरकारने खासगी कंपनीसाठी भूसंपादनाचा कायदा वापरला आणि त्याला ‘सार्वजनिक हित’ म्हटले. या ‘सार्वजनिक’मध्ये मावळा येतो की नाही, हा प्रश्न विचारणारे तुरुंगात गेले. धरण झाले.

४/ १२ जुलै १९६१. पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून पानशेतचा बांध काही तास तगवला; रात्रीचा प्रलय दिवसावर गेला आणि असंख्य जीव वाचले. धरणे गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा लोक पुन्हा जुन्या हौदांकडे आणि विहिरींकडे वळले. पाण्याच्या बाबतीत सैनिक लोकांच्या बाजूने उभा राहतो तो असा.

५/ ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडसाठी नेण्याची योजना होती. पाणी नदीतून वाहिले नाही तर काठची शेती कशी भिजणार, ही मावळच्या शेतकऱ्यांची भीती. धरणात जमिनी गेलेल्यांचे पुनर्वसनही रखडलेले. बऊर येथे द्रुतगती मार्ग अडवला गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी मरण पावले. त्यांत एक स्त्री होती. पाणीवाटपाचा वाद एका दुपारी ‘कायदा व सुव्यवस्थे’चा प्रश्न झाला. जलवाहिनीचे काम पुढे अनेक वर्षे थांबले.

६/ देशपातळीवरही हीच भाषा दिसते. उरीच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये सिंधू जलकराराचा फेरविचार सुरू झाला. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने १९६० चा तो करार स्थगित ठेवला. दोन देशांमध्ये पाणी हे दबावाचे साधन ठरू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. लातुरातही टाक्यांपाशी झुंबड उडण्याची भीती खोटी नव्हती.

७/ मात्र ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की एक गोष्ट घडते. ‘कोणाला किती पाणी आणि का’ हा प्रश्न मागे पडतो. ‘धोका कोणापासून’ हा पुढे येतो. मग रिकामी घागर घेऊन उभी असलेली बाई जमाव ठरते, पण मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशात उसाला किती पाणी जाते याचा हिशोब कोणी मागत नाही. पहारा बसतो तो वाटपाच्या शेवटच्या टोकाला. निर्णय जेथे होतात तेथे नव्हे.

८/ खडकवासला साखळीतील चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. पुणे त्यावर वाढते आहे, आणि दौंड-इंदापूरची शेतीही त्याच कालव्याकडे डोळे लावून आहे. या तंट्यांसाठी २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण झाले. तेथे आकडे मांडता येतात, उलट प्रश्न विचारता येतो. ही वाट संथ आणि कंटाळवाणी आहे. मुळशी आणि बऊर यांच्याकडे पाहता, तिचा कंटाळा परवडणारा आहे.

(थ्रेड समाप्त)