घोड्याच्या रक्तातील उतारा

भिलाईच्या नेहरू नगरात राहताना पावसाळ्यातील एखादाच आठवडा सर्पदंशाच्या बातमीविना जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. या विषावरील उतारा आजही घोड्याच्या रक्तातून येतो.

त्याची सुरुवात १८९० मधली. बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकते. १८९४ मध्ये आल्बेर काल्मेत यांनी हेच तत्त्व नागाच्या विषाला लावले. पुढे घोड्याला विषाची अल्प, मग वाढती मात्रा टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढण्याची रीत रूढ झाली.

आपली लस सर्व सापांवर चालेल, अशी काल्मेत यांची धारणा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी ती तपासली. नागाविरुद्धची लस घोणसाच्या विषापुढे निष्प्रभ ठरली. घोड्याला जे विष दाखवले, तेवढेच तो ओळखतो.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा धडा परिचित वाटेल: ज्या नमुन्यावर मोजमाप केले, त्यापलीकडे निष्कर्ष ताणता येत नाही. म्हणूनच भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांपासून बनवले जाते. तरीही प्रश्न मिटलेला नाही. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि प्रतिविषासाठी लागणारे विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतून येते. या चौघांबाहेरील सापांवर प्रचलित प्रतिविष तोकडे पडते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले.

दरम्यान, प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीने आणखी एक वाट दाखवली. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांना उंटाच्या रक्तात साध्या घडणीची प्रतिपिंडे सापडली. त्यांचा विषाणू वा विष ओळखणारा तुकडा नेहमीच्या प्रतिपिंडाच्या सुमारे एकदशांश वजनाचा असतो आणि तो जिवाणूंकडूनही तयार करून घेता येतो. लामाच्या अशाच प्रतिपिंडापासून घडवलेले, रक्तात गुठळ्या होण्याच्या एका दुर्मीळ विकारावरील औषध २०१८ मध्ये युरोपात मान्य झाले. सर्पविषावरही याच दिशेने प्रयोग सुरू आहेत.

साधने बदलतील, परंतु लँब यांचा प्रश्न कायम राहील: हे औषध कोणत्या सापावर आणि कोणत्या मुलखातल्या सापावर तपासले आहे? छत्तीसगडच्या खेड्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार डसते, तेव्हा त्याचा जीव याच उत्तरावर अवलंबून असतो.