सकाळचा रेडिओ आणि अंगणातली भिंत



बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. परवा नातीने फोनवर गीतरामायण लावून दिलं आणि मन साठ वर्षं मागे, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात जाऊन बसलं. म्हटलं, हे लिहून ठेवावं. घरच्यांनाही यातलं सगळं ठाऊक नाही.

आमच्या घरी रेडिओ आला १९६२ साली. चीनचं युद्ध सुरू होतं, वडिलांना बातम्या हव्या होत्या. गावात वीज नव्हती, म्हणून विटेएवढ्या जाड बॅटरीवर चालणारा संच. छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली जाळीची एरियल, आणि पोस्टात दरवर्षी पैसे भरून घ्यायचं लायसन. हो, तेव्हा रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन लागे! आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात.

आम्ही ऐकायचो ते नागपूर केंद्र. १६ जुलै १९४८ ला ते सुरू झालं, तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि आपला यवतमाळ जिल्हाही त्याच प्रांतात. पहाटे आधी ती सुप्रसिद्ध धून वाजे. शिवरंजनीच्या अंगाची ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने बांधली. हिटलरच्या काळात युरोप सोडून तो १९३४ साली मुंबईला आला होता. परागंदा माणसाची ही धून पुढे कितीतरी वर्षं भारताला जागं करत राहिली. मग वंदे मातरम्, सनई, भक्तिगीतं, आणि मध्येच चार-पाच मिनिटांचं चिंतन.

ही सकाळ आपोआप घडलेली नव्हती. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते. लोकांच्या कानावर चांगलं संगीत पडावं असा त्यांचा आग्रह. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. आमचा थोरला भाऊ त्यांतलाच. साडेसात वाजले की काटा सिलोनवर नेई, कारण तिथल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असे. वडील ओरडत. शेवटी सरकारलाही माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली.

पण त्याच धोरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कवी, गायक, संगीतकार यांना त्या काळात आकाशवाणीने जवळ केलं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला निघालं. तिथल्या सीताकांत लाड यांनी आपले मित्र गदिमा यांच्याकडे वर्षभर चालेल अशा मालिकेचा विषय काढला आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गाणं. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून ती ५६ झाली. चाली सुधीर फडक्यांच्या, आणि गाणारे कोण कोण? स्वतः बाबूजी, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर! एवढी मोठी माणसं आणि त्यांना ऐकायला तिकीट नाही. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत असं सांगतात. आमची आईही रेडिओला नमस्कार करूनच तो सुरू करी. पुढे ही गाणी आमच्याकडे नागपूरवरून ऐकू येत.

इथपर्यंतचं तुम्ही अनेकदा वाचलं असेल. आता जे सांगायचं ते वेगळं आहे.

गीतरामायण सुरू झालं त्याच १९५५ साली १ जूनपासून अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा लागू झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीताही त्याच सालची. आणि पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. आमच्या गावातूनही माणसं गेली होती.

आमच्या गोठ्यात काम करायला एक बाई येत. शेण काढून झालं की अंगणाच्या भिंतीला टेकून बसत आणि रेडिओ ऐकत. भिंतीच्या आत येत नसत. बाहेरच्या कोनाड्यात त्यांचा कान तुटलेला कप असे. त्यात वरून चहा ओतायचं काम माझं. मी तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. कायदा होऊन सात वर्षं झाली होती. शाळेत "सर्व माणसं समान" यावर निबंध लिहून मी शाबासकी मिळवली होती, आणि घरी येऊन वरून चहा ओतत होतो. दोन्हींत मला काही विसंगत वाटलं नाही, हे आज लिहितानाही जड जातं.

एकदा त्यांनी विचारलं, "कोन गाते व बाबू?" मी म्हटलं, "माणिक वर्मा." त्यांनी ते नाव दोनदा घोकलं.

त्यांचा मुलगा माझा वर्गमित्र. पोस्टात नोकरी करून निवृत्त झाला. गेल्या वर्षी दारव्ह्याला एका लग्नात भेटला. बोलता बोलता रेडिओचा विषय निघाला. मी म्हटलं, तुम्ही तर दीक्षा घेतलेली, तरी आई भजनं ऐकायची? तो हसला. म्हणाला, "अबे, माय देव नव्हती आयकत, गानं आयके. घरी येऊन आमाले गानाऱ्याचं नाव सांगे. तूच तर सांगितलं होतं ना तिले."

मग म्हणाला, १९७४ ला पहिल्या पगारातून त्याने आईला ट्रान्झिस्टर घेऊन दिला. आईने तो घरात ठेवलाच नाही. ओसरीवर ठेवायची आणि मोठ्यानं लावायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू आलं पाहिजे म्हणे. जो थांबेल त्याला आत बोलवून चहा द्यायची, घरातल्याच कपात.

"तू नाही आला कधी," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

मी गेलो नव्हतो, हे खरंच. त्यांची ओसरी आमच्या घरापासून तीनशे पावलांवरही नसेल.

पुढे यवतमाळला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र झालं. लायसन कधीच गेलं. त्या बाईही गेल्या. रेडिओचा इतिहास लिहिणारे केंद्रं, किलोवॅट आणि कलावंत मोजतात, मीही वर तेच केलं. पण भिंतीच्या पलीकडे बसून कोण ऐकत होतं, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. म्हणून ही एक इथे करून ठेवतो.

वर्गमित्राने घरी बोलावलं आहे. पुढच्या आठवड्यात जाणार आहे. चहा प्यायला.

असो. तुमच्या अंगणात कोण बसत असे, तेही आठवून पाहा.