अकोली जहागीर येथील कापूस सत्याग्रह (२०१९)

अकोली जहागीर येथील कापूस सत्याग्रह हे शेतकरी संघटनेने १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील अकोली जहागीर या गावी केलेले सविनय कायदेभंगाचे आंदोलन होते. भारतात लागवडीस मान्यता नसलेले तणनाशक सहनशील बीटी (एचटीबीटी) कापसाचे बियाणे या दिवशी एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांच्या उपस्थितीत जाहीरपणे पेरण्यात आले. हे बियाणे वऱ्हाडात त्यापूर्वीच चोरून विकले व पेरले जात होते. जे लपून चालले होते ते उघडपणे करून कायद्यालाच आव्हान देणे, हे या आंदोलनाचे वैशिष्ट्य होय. संघटनेने त्याला तंत्रज्ञान स्वातंत्र्याच्या मागणीचा भाग मानले. पर्यावरणवादी संस्था, बियाणे उद्योग आणि शासन यांनी वेगवेगळ्या कारणांनी त्याला विरोध केला.

पार्श्वभूमी

वऱ्हाडातील कापूस शेती

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशिम हे जिल्हे मिळून होणारा वऱ्हाड प्रदेश एकोणिसाव्या शतकापासून कापसासाठी ओळखला जातो. येथील काळी जमीन ओलावा धरून ठेवते. मात्र बहुतांश शेती कोरडवाहू असून ती मोसमी पावसावर अवलंबून आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीच्या पाण्यावर सिंचन करणेही कठीण जाते. मृग नक्षत्र लागल्यानंतर पुरेसा पाऊस झाला की सरकी टोबली जाते आणि पुढील दोन-तीन महिने शेतकऱ्याचा मुख्य खर्च तण काढण्यावर होतो. दोन ओळींमधील तण डवरणीने निघते. झाडांच्या बुंध्याजवळचे तण मात्र हाताने निंदावे लागते. हे काम प्रामुख्याने शेतमजूर स्त्रिया करतात. सततच्या पावसात वाफसा न मिळाल्यास डवरणी व निंदणी दोन्ही थांबतात आणि तण पिकापेक्षा वर जाते.

महाराष्ट्र शासनाने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली. या योजनेत शेतकऱ्याला कापूस शासकीय यंत्रणेखेरीज इतरत्र विकण्यास मनाई होती. कापूस कोणाला विकावा आणि कोणते बियाणे पेरावे, या दोन्ही प्रश्नांवर शासनाचे नियंत्रण हा वऱ्हाडातील शेतकरी चळवळीचा दीर्घकाळ कळीचा विषय राहिला आहे.

शेतकरी संघटना

शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी १९७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकण परिसरात शेतकरी संघटनेची स्थापना केली. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव ही तिची पहिली मागणी होती. कांदा, ऊस आणि तंबाखू यांच्या आंदोलनांनंतर संघटनेने कापसाचा प्रश्न हाती घेतला आणि विदर्भ व मराठवाड्यात तिचा विस्तार झाला. डिसेंबर १९८६ मध्ये कापूस आंदोलनादरम्यान सुरेगाव (आताचा हिंगोली जिल्हा) येथे झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले.

संघटनेने गावपातळीवरील कामासाठी औपचारिक सदस्य नोंदणीपेक्षा बैठका, प्रशिक्षण शिबिरे आणि अधिवेशने यांवर भर दिला. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावणारा शेतकरी संघटनेचा पाईक मानला जाई. शिबिरांमध्ये एकेका पिकाच्या उत्पादन खर्चाची मांडणी शेतकऱ्यांकडूनच करून घेतली जाई. बियाणे, खत, बैलजोडी, मजुरी आणि घरच्या माणसांचे श्रम यांचा हिशेब मांडून तो बाजारातील भावाशी ताडून पाहणे, ही या शिबिरांची पद्धत होती. पुढे बियाण्याच्या प्रश्नावर संघटनेने केलेला युक्तिवादही याच हिशेबाच्या स्वरूपाचा होता.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड (नाशिक जिल्हा) येथील अधिवेशनापासून शेतकरी महिला आघाडीचे काम वाढले. १९८९ मध्ये अमरावती येथे महिला आघाडीचे अधिवेशन भरले. याच काळात संघटनेने लक्ष्मीमुक्ती हा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन त्यात होते. ज्या गावातील शंभर कुटुंबे असे करतील त्या गावाला शरद जोशी स्वतः भेट देत. यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे ग्रामपंचायतीत केवळ स्त्रियांचे पॅनेल निवडून आले.

१९९४ मध्ये संघटनेच्या नेतृत्वाने स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. निवडणुकीच्या राजकारणात पक्षाला मर्यादित यश मिळाले. संघटनेतून पुढे अनेक गट वेगळे झाले. त्यांपैकी राजू शेट्टी यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना पश्चिम महाराष्ट्रात प्रभावी ठरली. अकोली जहागीर येथील आंदोलन शरद जोशी यांची विचारधारा मानणाऱ्या मूळ संघटनेचे होते.

बीटी कापूस ते एचटीबीटी

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुक कापसात घातल्याने बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. अशा कापसाला बीटी कापूस म्हणतात. २००१ मध्ये गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ या वाणात मान्यता नसलेले बीटी जनुक आढळले आणि जनुकीय अभियांत्रिकीविषयक केंद्रीय समितीने (जीईएसी) ते पीक नष्ट करण्याचा आदेश दिला. शरद जोशी यांनी त्या वेळी गुजरातमधील शेतकऱ्यांची बाजू घेतली. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसाला अधिकृत मान्यता दिली. आधी शेतात पोहोचलेले तंत्रज्ञान नंतर कायदेशीर होते, हा या घटनेतून मिळालेला अनुभव संघटनेने पुढील काळात वारंवार उद्धृत केला.

दोन बीटी जनुके असलेल्या बोलगार्ड-२ कापसाला २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतरच्या एचटीबीटी वाणात ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्याचा गुणधर्म आहे. शेतात ग्लायफोसेट फवारल्यास तण मरते, पण कापसाचे झाड टिकते. या वाणाच्या मान्यतेसाठीचा अर्ज महिको कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. अर्ज मागे घेतला गेला तरी बियाणे बाजारात येत राहिले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीला महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या राज्यांतील कापूस क्षेत्रापैकी सुमारे १५ टक्के क्षेत्रावर असे बियाणे असल्याचे आढळले.

२०१० मध्ये केंद्र शासनाने बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीस स्थगिती दिली, तर बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. शेजारी देशाला जे चालते ते भारतीय शेतकऱ्याला का नाकारले जाते, असा प्रश्न संघटना यासंदर्भात उपस्थित करत असे.

कायदेशीर स्थिती

जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांचे नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनुसार होते. २०१९ मध्ये या अधिनियमाच्या उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद होती. बियाणे अधिनियम, १९६६ आणि महाराष्ट्राचा २००९ चा कापूस बियाणेविषयक कायदा हेही लागू होतात. बियाणे विकणाऱ्याप्रमाणेच पेरणाराही कारवाईच्या कक्षेत येऊ शकतो, ही बाब आंदोलनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

सत्याग्रह

अकोली जहागीर येथील शेतकरी आणि संघटनेचे नेते ललित बहाळे यांच्या शेतात सत्याग्रह करण्याचे ठरले. मान्यता नसलेले बियाणे लावण्याचा निर्णय संघटनेने आधीच जाहीर केला होता. १० जून हा दिवस मृग नक्षत्राच्या आरंभीचा, म्हणजे वऱ्हाडातील पेरणीच्या हंगामाच्या तोंडाचा होता. संघटनेचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष अनिल घनवट यांच्या नेतृत्वाखाली राज्याच्या विविध भागांतून आलेले शेतकरी तेथे जमले. सभा झाल्यानंतर शेतात बियाणे टोबण्यात आले.

या कृतीमागील संघटनेची भूमिका पुढीलप्रमाणे होती:

पहिले, निंदणीसाठी वेळेवर मजूर मिळत नाहीत आणि तिचा खर्च कोरडवाहू कापसाला परवडत नाही.

दुसरे, बंदीमुळे बियाणे नाहीसे झालेले नाही. ते केवळ काळ्या बाजारात गेले आहे. तेथे शेतकऱ्याला पावती मिळत नाही, गुणवत्तेची हमी नसते आणि उगवण न झाल्यास दादही मागता येत नाही. त्या वर्षी बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅमच्या अधिकृत पाकिटाची कमाल किंमत केंद्राने ७३० रुपये ठरवली होती. बेकायदेशीर पाकिटाला असे कोणतेही बंधन नव्हते.

तिसरे, जगातील इतर कापूस उत्पादक देशांतील शेतकरी हे तंत्रज्ञान वापरत असताना भारतीय शेतकऱ्याला ते नाकारून त्याच्याशी स्पर्धेची अपेक्षा करणे अन्यायकारक आहे.

कृषी विभागाने नंतर तपासणीसाठी नमुने घेतले. जून २०१९ मध्येच या प्रकरणी बारा शेतकऱ्यांविरुद्ध पोलिसांत गुन्हा दाखल करण्यात आला. त्यानंतर अकोला जिल्ह्यातीलच तेल्हारा तालुक्यातील अडगाव बुद्रुक येथे आणि राज्याच्या इतर भागांतही अशी जाहीर पेरणी करण्यात आली.

विरोध आणि टीका

आंदोलनाला झालेला विरोध एकाच दिशेने आलेला नव्हता.

पर्यावरणवादी संस्थांच्या मते, जैवसुरक्षा चाचण्या पूर्ण न झालेले बियाणे पेरल्याने त्यातील जनुके इतर वाणांत मिसळण्याचा धोका असतो आणि ते पसरल्यानंतर मागे घेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटचे वर्गीकरण ‘मानवामध्ये बहुधा कर्करोगकारक’ असे केले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मात्र याच्या उलट निष्कर्ष काढला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला होता. ती रसायने वेगळी असली, तरी वऱ्हाडात संरक्षक साधनांविना होणाऱ्या फवारणीचा प्रश्न या घटनेने ठळक केला होता.

संघटित बियाणे उद्योगाचा आक्षेप असा, की अवैध बियाण्यामुळे परवानाधारक कंपन्यांचे नुकसान होते आणि दर्जाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. कीटकशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न होता. गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ ला प्रतिकारशक्ती मिळवल्याचे २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दिसून आले होते. तणनाशक सहनशीलतेचा गुणधर्म या अळीवर काहीही उपाय करत नाही.

शेतमजूर स्त्रियांच्या रोजगाराचा मुद्दा या चर्चेत तुलनेने कमी आला. निंदणी हा भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांतील स्त्रियांचा पावसाळ्यातील प्रमुख रोजगार आहे. जमीनधारक शेतकऱ्यासाठी जो खर्च आहे तेच मजूर स्त्रीचे उत्पन्न असल्याने, तणनाशक सहनशील वाणाचा लाभ गावातील सर्व घटकांना सारखा मिळत नाही. दुसरीकडे, स्वतःच्या शेतात राबणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबातील स्त्रीचे वाकून निंदण्याचे कष्ट त्यामुळे कमी होतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

परिणाम

सत्याग्रहामुळे बियाण्याच्या कायदेशीर स्थितीत तात्काळ बदल झाला नाही. २०२४ अखेरपर्यंत एचटीबीटी कापसाला व्यापारी लागवडीची मान्यता मिळालेली नव्हती. मात्र कृषी विभागाच्या छाप्यांपुरता मर्यादित असलेला हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. संघटनेने पुढील काळात ‘माझे वावर, माझी पॉवर’ या घोषणेखाली ही मोहीम चालू ठेवली. वावर हा शेतासाठी वऱ्हाडात रूढ असलेला शब्द आहे.

अनिल घनवट यांची जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन केंद्रीय कृषी कायद्यांसंबंधी नेमलेल्या समितीवर निवड झाली. ललित बहाळे यांनी पुढे संघटनेचे प्रदेशाध्यक्षपद सांभाळले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीने जनुकीय बदल केलेल्या डीएमएच-११ या मोहरीच्या पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस केली. या निर्णयाविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने जुलै २०२४ मध्ये परस्परभिन्न निकाल दिले. जनुकीय बदल केलेल्या पिकांबाबत राष्ट्रीय धोरण असावे यावर मात्र दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत झाले. त्याच ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचे बंधन घातले. त्यामुळे बियाण्याला पुढे मान्यता मिळाली, तरी त्यासोबतचे तणनाशक शेतकऱ्याला स्वतः वापरता येईल का, हा वेगळा प्रश्न निर्माण झाला.

हेही पाहा

शेतकरी संघटना
शरद जोशी
बीटी कापूस
कापूस एकाधिकार खरेदी योजना
खारपाणपट्टा