उरलेला फराळ आणि घरची राखण

भाऊबीज होते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आकाशकंदील उतरतो. मागे राहतो तो फराळाचा डबा. ठाण्यास, कल्याणास अथवा आमच्या डोंबिवलीस, कोणत्याही मराठी घरी त्या आठवड्यात जावे. चकल्यांचा चुरा, चार करंज्या, तळाशी शंकरपाळे आणि बेसनाचे पाचसहा लाडू हटकून सापडावयाचे. आमच्या घरी मधुमेहाच्या गोळ्या घेणारी दोन माणसे आहेत व त्यांतील एक मी. तेव्हा हा डबा मला थट्टेचा विषय वाटत नाही. आपले वाडवडील या मोहाशी कसे झगडत, हे पाहू गेले असता असे दिसते की, त्यांना फारसे झगडावे लागतच नसे. घराभोवतीची राखणच अशी होती की हात सहसा डब्यापर्यंत पोहोचत नसे.

फराळ उरतो, हा काही त्याचा दोष नव्हे. तो टिकावा म्हणूनच केलेला असतो. पीठ भाजून अथवा तळून त्यातील ओल घालवावी आणि जी राहील ती साखरेने धरून ठेवावी, की पदार्थ पंधरा दिवस हलत नाही. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांत आंबते, सुक्या खोबऱ्याची तुळशीच्या लग्नापर्यंत राहते. गंमत अशी की ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दापासून आला. म्हणजे उपवासाचा शब्द आपण तळणीत सोडला!

पहिली राखणदार होती साखरेची महागाई. ऊस आपला, शर्करा हा शब्दही आपला. तोच अरबांच्या मुखातून युरोपात गेला. तरी पांढरी दाणेदार साखर सामान्य घरात फार उशिरा आली. रोजचे गोड म्हणजे गूळ. साखर परदेशातून येई. मॉरिशस बेटाची म्हणून तिला ‘मोरस’ म्हणत, आणि पुढे जावा बेटाची साखरही बंदरांत उतरू लागली. १९३२ साली या धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा देशात साखरेचे सुमारे ३० कारखाने होते. पाच वर्षांत ते शंभरावर गेले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि महाराष्ट्र साखरेचा प्रांत बनू लागला.

परंतु साखर पिकू लागली म्हणून ती डब्यात आली, असे झाले नाही. मध्ये शिधापत्रिका उभी होती. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. डिसेंबर १९४७ मध्ये, गांधीजींच्या आग्रहानंतर, साखरेवरचे नियंत्रण उठले आणि १९४९ साली पुन्हा बसले. १९६७ पासून अर्धवट मोकळीक झाली: कारखान्यांच्या साखरेचा मोठा हिस्सा सरकारने ठरल्या भावाने घ्यावा व शिधापत्रिकेवर द्यावा, उरलेली बाजारात विकावी. माझे बालपण या व्यवस्थेत गेले. दिवाळीस कार्डावर थोडी जादा साखर मिळे, तिच्यासाठी पिशवी घेऊन रांगेत उभे राहावे लागे. आई श्रावणापासून वाटी-वाटी साखर बाजूला काढी. अशा साखरेचे लाडू ती मोजून वळी व मोजूनच वाढी. एक लाडू नाहीसा झाला तरी तिला कळे. कारखान्यांवरची ही सक्ती २०१३ साली संपली, पण तिचा धाक त्याआधीच गेला होता.

दुसरी राखण घराच्या रचनेत होती. शिंके उंच टांगलेले, फडताळाची किल्ली आजीच्या कमरेला. नैवेद्य दाखविल्यावाचून पदार्थास हात लावावयाचा नाही आणि उष्टा हात डब्यात घालावयाचा नाही, हे लहानपणीच अंगवळणी पडे. काही घरांतील सोवळ्याने माणसांनाही उंबऱ्याबाहेर ठेवले. त्याची तरफदारी मी करणार नाही. पण डब्यातून थेट तोंडात काही जाऊ नये, वाटीत काढून घ्यावे, हा नियम मात्र शहाणपणाचा होता.

तिसरी राखण शेजाऱ्यांची. चाळीत रुमालाने झाकलेली ताटे दारोदार फिरत. हिशेब केला तर हा व्यवहार फसवाच, कारण ताट रिकामे परत करीत नसत. आपली चकली गेली की शेजारची येई. तथापि खाणारी तोंडे पुष्कळ असत. नोकरदार मंडळी पुडके घेऊन लोकलमध्ये चढत, आणि कल्याणहून सुटलेली गाडी ठाण्यास पोहोचेपर्यंत डब्यातील सोबत्यांत ते संपून जाई. ही चाल अजून टिकून आहे. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मात्र दारे बंद असतात.

आपल्या वैद्यकाला यातले भय ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे आणि गुळाचे पदार्थ ही एकत्रच सांगितली आहेत. त्या काळी हे सुख थोड्यांच्या वाट्यास येत असे. आज खुर्चीवरची नोकरी, उद्वाहक आणि किलोवर मिळणारा तयार फराळ ही तिन्ही एकाच घरात नांदतात, व राखणदार एकही नाही. अशा वेळी ‘मन आवरा’ एवढेच सांगणे म्हणजे कुलूप काढून घेऊन चोरीबद्दल उपदेश करण्यासारखे आहे.

म्हणून आमच्या घरी आम्ही जुन्या गोष्टी थोड्या फेरफाराने परत आणल्या आहेत. गोड पदार्थ निम्म्या मापाने होतात. करंजी ओल्या नारळाचीच, म्हणजे ती दोन दिवसांत संपवावीच लागते. डबा माळ्यावर असतो आणि स्टूल दुसऱ्या खोलीत. चारच्या चहाला वाटीत एकदाच वाढले जाते. इमारतीचे रखवालदार व झाडलोट करणाऱ्या बाया यांचा वाटा पाडव्याच्या सकाळी, पदार्थ ताजा असतानाच निघतो. उरलेसुरले खवट झाल्यावर देणे हा दानधर्म नव्हे. नातवंडांना ही शिस्त मुळीच पसंत नाही, आणि पत्नीच्या मते चिवड्याला ती लावण्याचे काही कारण नाही. त्यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.